सरोवराकाठचा वनमुक्काम : एक पाठ

(इयत्ता सातवी व आठवीच्या वर्गशिक्षकांसाठी. विषय : भूगोल, सामान्य विज्ञान, आरोग्य)

सहल आणि वनमुक्काम ह्यांची गणना आपण बहुधा एकाच सदरात करतो. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठा भेद आहे. सहलीस गेलेला विद्यार्थी स्थळ पाहून परततो. मुक्कामास राहिलेल्या विद्यार्थ्याला तेथे दोन दिवसांचा संसार मांडावा लागतो. पाणी वाहून आणावे लागते, शिधा पुरवून वापरावा लागतो, काळोखाशी ओळख करून घ्यावी लागते आणि आपला केर आपणच उचलावा लागतो. खेड्यातील पुष्कळ मुलांना कष्टाची सवय असतेच. त्यांना नवे वाटेल ते एवढेच की, आपण वापरलेले पाणी कोठून आले आणि पुढे कोणाच्या घरी जाणार, ह्याचा विचार येथे प्रत्यक्ष डोळ्यांसमोर उभा राहतो. हा विचार मुलांच्या मनात रुजविणे हेच ह्या पाठाचे मुख्य उद्दिष्ट होय.

स्थळाचा परिचय

उदाहरणादाखल आपण अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग घेऊ. येथे सह्याद्रीच्या ऐन माथ्यालगत भंडारदऱ्याचे सरोवर आहे. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तिच्यावर १९१० साली धरणाचे काम सुरू झाले व १९२६ साली ते पूर्ण झाले. हे दगडी धरण विल्सन धरण ह्या नावाने आणि मागील जलाशय आर्थर सरोवर ह्या नावाने ओळखला जातो. जलाशयात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. जवळच महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) उभे आहे. सरोवराच्या वरच्या अंगास रतनवाडी हे गाव असून तेथे अमृतेश्वराचे प्राचीन दगडी देवालय आहे. भोवताली हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा वृक्षांचे रान आहे. वस्ती विरळ असून महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत.

वर्गात नकाशा भिंतीवर लावून ह्या पाण्याची वाट बोटाने दाखवावी. भंडारदऱ्याहून निघालेले पाणी निळवंडे धरणात येते. तेथून अकोले व संगमनेर ह्यांजवळून पुढे जाते. ओझर येथील बंधाऱ्यावरून दोन कालवे निघून शेतीस पाणी पुरवितात. नदी पुढे नेवाशावरून वाहत जाऊन प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. म्हणजे आपण सरोवराच्या काठावर एक तांब्या धुतला, तर त्या पाण्याशी खालच्या कित्येक गावांचा संबंध येतो. मुक्कामास निघण्यापूर्वी ही एक गोष्ट मुलांना पक्की समजली, तर पुढील बरेच नियम सांगावे लागत नाहीत. मुलेच ते सुचवितात.

पूर्वतयारी

मुक्कामासाठी मार्गशीर्ष व पौष हे महिने उत्तम. पावसाळ्यात येथे पर्जन्याचा मारा अत्यंत जोराचा असतो व वाटा निसरड्या होतात; म्हणून तो काळ टाळावा. पालकांची लेखी संमती, खात्याची परवानगी आणि ग्रामपंचायतीची संमती आधी मिळवावी. ह्या भागातील बरेच रान १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. सबब वनविभागाची परवानगी घेतल्यावाचून तंबू ठोकू नये. अभयारण्यात आग लावण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, हेही मुलांस सांगावे. स्वयंपाक वाडीतील एखाद्या घराच्या अंगणात, घरधन्याच्या अनुमतीने व योग्य मोबदला देऊन करणे सर्वांत चांगले. त्या निमित्ताने नागलीची भाकरी व डोंगरातील भात ह्यांची मुलांस ओळख होते आणि गावकऱ्यांशी बोलणे घडते.

वर्गाच्या चार तुकड्या कराव्यात : पाणी, शिधा, स्वच्छता व निरीक्षण. दुसऱ्या दिवशी तुकड्यांनी कामे बदलावीत. मुलींसमवेत शिक्षिका असलीच पाहिजे.

जागेची निवड

तंबूसाठी जागा पाण्यापासून निदान ६० मीटर दूर, सपाट व किंचित उंचवट्याची असावी. ह्याचे कारण मुलांकडूनच काढून घ्यावे. सूर्यास्तानंतर जमीन निवते व तिच्यालगतची हवा थंड होते. थंड हवा जड असल्याने उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागेत साठते. म्हणून खोलगटात झोपणाऱ्यास थंडी अधिक वाजते. वाळलेल्या फांद्यांच्या झाडाखाली, वारुळाजवळ किंवा दगडांच्या राशीजवळ तंबू ठोकू नये. शौचासाठी चर खणावयाचे तेही पाण्यापासून व वाटेपासून तितक्याच अंतरावर. प्रत्येकाने वापरानंतर माती लोटावी व निघताना चर पूर्ण बुजवावा.

पाण्याचा हिशेब

हा ह्या पाठाचा सर्वांत फलदायी भाग आहे. समजा, वीस विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकास पिण्यास, स्वयंपाकास व हातपाय धुण्यास मिळून दिवसाला दहा लिटर पाणी दिले. एकूण दोनशे लिटर झाले. दहा लिटरची बादली घेतली, तर वीस खेपा होतात. वाट साठ मीटरची धरली, तर जाऊन-येऊन एका खेपेस एकशेवीस मीटर आणि सर्व मिळून दोन हजार चारशे मीटर चालणे होते. त्यातील निम्मे भरल्या बादलीने. हे गणित फळ्यावर कितीही वेळा सोडविले, तरी खांदा दुखल्यावाचून ते पुरते कळत नाही. दुसऱ्या दिवशी मुलांस तितकेच काम कमी पाण्यात करावयास सांगावे व कोठे बचत झाली ते लिहून काढण्यास सांगावे.

पाणी भरण्यास मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच जावे. पिण्याचे पाणी फडक्याने गाळून, खळखळून उकळू लागल्यानंतर निदान एक मिनिट उकळत ठेवावे. गाळल्याने गढूळपणा जातो. रोगजंतू मरतात ते उकळल्याने, हा भेद स्पष्ट करावा. भांडी व कपडे सरोवरात धुऊ नयेत. पाणी दूर नेऊन तेथे धुवावे व सांडपाणी मातीवर पसरून ओतावे. मातीतील सूक्ष्म जीव त्यातील घाणीचे विघटन करतात. तळ्यात ओतलेला साबण मात्र थेट पाण्यातच राहतो.

रात्र आणि पहाट

शहरालगतच्या मुलास खरा काळोख ठाऊक नसतो. जेवणानंतर सर्व दिवे मालवून दहा-पंधरा मिनिटे शांत बसावे. डोळे सरावले की आकाश उलगडू लागते. ह्या दिवसांत पूर्वेकडून कृत्तिका, रोहिणी व मृग ही नक्षत्रे वर चढताना दिसतात. उत्तरेकडे शर्मिष्ठेच्या साहाय्याने ध्रुव शोधावा. हात लांब करून मूठ डोळ्यासमोर धरली, तर ती आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत साधारण दोन मुठी भरतात. आणि ह्या स्थळाचे अक्षांशही साडेएकोणीसच्या आसपास आहेत! ध्रुवाची उंची म्हणजेच स्थळाचे अक्षांश, हे पुस्तकातील वाक्य मुले ह्या एका प्रयोगाने जन्मभर विसरणार नाहीत.

सायंकाळी सहास व पहाटे सहास हवेचे व काठच्या पाण्याचे तापमान मोजून नोंदवावे. हवा पुष्कळ उतरलेली, पण पाणी थोडेच उतरलेले आढळेल. कारण पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. पहाटे सरोवरावर तरंगणारे धुके दिसले, तर त्याचे कारण ह्याच तक्त्यात सापडेल : उबदार पाण्याची वाफ थंड हवेत शिरताच तिचे सूक्ष्म थेंब बनतात.

ह्याच रानात वैशाखाच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. तो शाळेच्या सुट्टीचा काळ असतो. परंतु काजव्याचा प्रकाश हा जोडीदारास दिलेला संकेत असून विजेरीच्या झोताने तो हरवून जातो, हे मुलांस अवश्य सांगावे.

सुरक्षितता

पुढील नियमांस कोणत्याही कारणाने अपवाद करू नये.

१. पोहण्यास वा खेळण्यास कोणीही पाण्यात उतरू नये. धरणाच्या जलाशयाचा काठ एकाएकी खोल होतो व तळाशी चिखल असतो. पट्टीचा पोहणाराही येथे फसतो. कोणी पाण्यात पडल्यास मागोमाग उडी न घेता दोर, काठी किंवा रिकामा बंद डबा फेकावा. ह्यासाठी लांब दोर नेहमी हाताशी असावा.

२. तंबूत चूल, शेगडी वा निखारे ठेवू नयेत. बंद जागेतील निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग व वास नसतो. झोपेतच प्राण जाऊ शकतात.

३. रात्री एकट्याने बाहेर जाऊ नये. विजेरी व पायतण घेऊन, सोबत मोठ्या माणसास नेऊनच जावे. ह्या प्रदेशात बिबट्याचा वावर आहे. उष्टे-खरकटे तंबूजवळ टाकू नये.

४. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार प्रमुख विषारी साप ओळखावेत. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रुग्णास धीर देऊन, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून तत्काळ रुग्णालयात न्यावे. सर्पविषावर प्रतिविषाची लस हाच उपाय होय; मंत्रतंत्रात वेळ दवडू नये. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक सर्वांस पाठ असावा. तथापि दरीत दूरध्वनीचा संपर्क लागेलच असे नाही, म्हणून एक वाहन मुक्कामी ठेवावे.

निघताना

तंबू उतरविल्यावर सर्व मुलांनी एका रांगेत, हातभर अंतर ठेवून, मुक्कामाची जागा चालत तपासावी. कागदाचा कपटा, सुतळीचा तुकडा, गोळीचे वेष्टन, जे दिसेल ते उचलून पोत्यात भरावे व ते पोते आपल्याबरोबर परत आणावे. रानात कचरा पुरणे म्हणजे स्वच्छता नव्हे. जनावरे तो उकरतात. आपल्यानंतर येणाऱ्यास येथे कोणी राहिले होते असा संशयही येऊ नये, इतकी जागा निर्मळ झाली की हा पाठ पूर्ण झाला असे समजावे. ज्या मुलाने सरोवराचा काठ असा राखला, तो गावच्या विहिरीचा काठही राखील. आणि शिक्षणाचे चीज ह्याहून वेगळे ते कोणते?

स्वाध्याय

१. आपल्या गावचे पाणी कोठून येते व पुढे कोठे जाते, ह्याचा नकाशा काढा.

२. आपल्या घरी एका दिवसास किती पाणी लागते ते मोजा. ते साठ मीटरवरून आणावयाचे झाल्यास किती खेपा होतील?

३. आपल्या अंगणातून मुठीने ध्रुवाची उंची मोजा व नकाशातील अक्षांशाशी ताडून पाहा.

४. ‘पाणी गाळणे’ व ‘पाणी उकळणे’ ह्यांतील भेद पाच ओळींत लिहा.