सोप्या गिऱ्हाइकांच्या जोरावर धंदा किती वाढेल? वर्षाचं ‘मॅच वेळापत्रक’ असं आखा



या आठवड्याच्या व्हिडिओत अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं उदाहरण घेतलं होतं. उल्हासनगरच्या जीन्सवाल्याला, अंबरनाथच्या वर्कशॉपवाल्याला आणि बदलापुरात घरून डबे करणाऱ्या ताईंना बास्केटबॉलशी काय घेणं, असं वाटलं असेल. पण मुद्दा अगदी आपल्या गल्ल्याचा आहे. व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं, ते इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकेत प्रत्येक कॉलेजचा संघ एखाद्या लीगमध्ये असतो. सीझनमध्ये साधारण ३० मॅच होतात. लीगमधल्या मॅच लीगच ठरवते, तिथे संघाला निवड नसते. पण नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या लीगबाहेरच्या बऱ्याचशा मॅच कोणाशी खेळायच्या, हे संघ स्वतः ठरवतो. सोपे संघ बोलावून घरच्या मैदानावर जिंकत बसायचं की तगड्या संघांशी भिडायचं, हा निर्णय त्याचा.

मार्चमध्ये मोठी राष्ट्रीय स्पर्धा असते, एनसीएएची. २०१९ मध्ये त्यात ६८ संघ होते. काही संघ आपापली लीग जिंकून थेट येतात, उरलेले एक समिती निवडते. समिती फक्त किती मॅच जिंकल्या एवढंच बघत नाही. कोणाशी खेळलात, कुठे खेळलात आणि निकाल काय लागला, हे सगळं बघते.

मोठ्या लीगमधल्या संघांना तगडे प्रतिस्पर्धी आपोआप मिळतात. छोट्या लीगमधल्या संघाला ते बाहेर जाऊन शोधावे लागतात. आपण सगळे या छोट्या लीगवाल्यांमध्ये मोडतो.

एकाच लीगमधले दोन संघ

पहिला संघ कॅलिफोर्नियातला सेंट मेरीज. २०१८ च्या मार्चमध्ये निवडीच्या दिवशी त्यांच्या नावावर २८ विजय होते आणि फक्त ५ पराभव. त्याच सीझनमध्ये त्यांनी लीगमधल्या सगळ्यात ताकदवान संघाला त्याच्याच मैदानावर हरवलं होतं. तरीही समितीने त्यांना घेतलं नाही. लीगबाहेरच्या त्यांच्या बऱ्याच मॅच हलक्या संघांशी होत्या, त्यामुळे समितीपुढे ठेवण्यासारखे मोठे विजय मोजकेच निघाले.

दुसरा संघ गोंझागा, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातला. लीग तेव्हा तीच होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये हवाईतल्या माउई स्पर्धेत त्यांनी त्या वेळच्या पहिल्या क्रमांकाच्या ड्यूक संघाला ८९-८७ असं हरवलं. डिसेंबरमध्ये मात्र टेनेसीकडून हरले आणि नॉर्थ कॅरोलायनाकडूनही हरले. मार्च २०१९ मध्ये लीगच्या फायनलमध्ये सेंट मेरीजनेच त्यांना ६०-४७ असं हरवलं. एवढं होऊनही राष्ट्रीय स्पर्धेत चार विभागांत जे चार संघ अव्वल मानांकित होते, त्यातला एक गोंझागा होता.

ऐन मोक्याची मॅच हरूनही गोंझागाचं काही बिघडलं नाही, कारण त्यांच्या वहीत बाहेरच्या तगड्या मॅचचा हिशोब जमा होता.

आणखी एक बारकावा बघा. आजच्या पद्धतीत सगळ्यात वजनदार विजय कोणता? घरच्या मैदानावर खेळलात तर पहिल्या ३० क्रमांकांतला संघ हरवावा लागतो. तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधला चालतो. पण समोरच्याच्या मैदानावर जाऊन पहिल्या ७५ मधला कुठलाही संघ हरवला, तरी तो त्याच वजनात धरतात. परक्या मैदानावर जिंकणं अवघड असतं, म्हणून त्याचा भाव जास्त.

आपल्याकडेही हेच चालतं

रणजी ट्रॉफीत कोणाशी खेळायचं हे बीसीसीआय ठरवतं. पण त्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तमिळनाडूत बुची बाबू ही निमंत्रितांची स्पर्धा होते. २०२४ मध्ये मुंबईचा संघ रणजी विजेता होता. घरी बसून सराव केला असता तरी कोणी काही बोललं नसतं. तरी संघ कोइम्बतूरला गेला, सूर्यकुमार यादव आणि श्रेयस अय्यरसारखे खेळाडू घेऊन गेला, आणि तिथे स्थानिक टीएनसीए इलेव्हनकडून सपाटून हरला. पुढे ऑक्टोबरमध्ये याच मुंबईने लखनौला इराणी करंडक जिंकला, तब्बल २७ वर्षांनी.

आता, तिथे हरले म्हणून इथे जिंकले, असं मी म्हणणार नाही. पण सीझनच्या आधी, फारसं काही पणाला नसताना आपल्या उणिवा कळणं स्वस्तात पडतं.

तुमची लीग कोणती?

रोजची ओळखीची गिऱ्हाईकं ही तुमची लीग. कॅम्प पाचमधली नेहमीची पार्टी, एमआयडीसीतला शेजारचा गाळेवाला, सोसायटीतली डब्याची घरं. व्हॉट्सॲपवर ऑर्डर येते, थोडं उन्नीस-बीस चालून जातं, उधारी डायरीत लिहिली जाते. यांना कमी लेखू नका, घर यांच्यावरच चालतं.

पण उद्या बँकेत कर्जाला गेलात किंवा मोठ्या कंपनीच्या परचेसवाल्यासमोर बसलात, की पहिला प्रश्न येतो, “आधी कोणाला माल दिलाय?” तिथे ‘दहा वर्षांत एक तक्रार नाही’ हे सांगून भागत नाही. तुमचे २८ विजय असतील, पण ते कोणाविरुद्ध, हे तो विचारणार.

तगडं गिऱ्हाईक कसं ओळखायचं? जो ड्रॉइंगप्रमाणे मापं तपासतो, इन्स्पेक्शन रिपोर्ट मागतो, पक्कं बिल मागतो, डिलिव्हरीची तारीख पाळायला लावतो आणि खराब माल परत पाठवतो, तो तगडा. जो नुसता भाव पाडतो आणि पैसे बुडवतो, तो तगडा नाही, तो फक्त त्रासदायक. या दोघांत गल्लत करू नका.

वेळापत्रक आखायचे पाच नियम

१. आधी ठरवा. ‘मोठी ऑर्डर आली तर बघू’ हे वेळापत्रक नव्हे. वर्षाच्या सुरुवातीला नावं लिहा आणि महिने टाका. तुमच्या सीझनच्या ऐन गर्दीत कठीण मॅच ठेवू नका. दिवाळीत मशीन रिकामं नसतं, मग नव्या गिऱ्हाइकाची ट्रायल ऑर्डर मंदीच्या महिन्यात मागा.

२. प्रमाण सांभाळा. माझा साधा हिशोब असा: दहापैकी सात ऑर्डर लीगच्या, दोन तगड्या, एक आवाक्याच्या थोडी बाहेरची. सगळ्याच मॅच कठीण घेतल्या तर संघ थकतो, कारागीर सोडून जातात. गोंझागाही सगळ्या मॅच ड्यूकशी खेळत नाही.

३. हरलो तरी दुकान चालू राहिलं पाहिजे. समजा, ऑर्डर ४ लाखांची. कच्चा माल २ लाख ४० हजार, मजुरी ८० हजार, पेमेंट ४५ दिवसांनी. म्हणजे ३ लाख २० हजार तुमचे अडकणार. तुमच्याकडे मोकळे फक्त २ लाख असतील तर ही ऑर्डर घेऊ नका. २ लाखांची ट्रायल मागा, तिच्यात १ लाख ६० हजारच अडकतील. माल परत आला किंवा पैसे लांबले, तरी पुढच्या महिन्याचा पगार निघेल.

४. फक्त पैशासाठी हरायला जाऊ नका. तिकडे मोठे संघ छोट्या संघांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. छोट्या संघाचं बजेट भागतं, पण बहुतेक वेळा तो हरूनच घरी येतो. धंद्यातही अशी कामं असतात. मोठी कंपनी, काम भरपूर, पण दर इतका कमी की हातात काही उरत नाही. वर तुमचं नाव कुठेच येत नाही, कारण मधला ठेकेदार ते आपल्या नावावर दाखवतो. अशी एखादी ऑर्डर भाडं निघायला घ्या, हरकत नाही. पण तिला वाढ म्हणू नका.

५. परक्या मैदानावर जा. विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्याबाहेरची वर्षाला निदान एक ऑर्डर करा. भिवंडी, तळोजा, पुणे, कुठेही. तिथे तुमची ओळख नसते, फक्त माल बोलतो. तिथलं एक समाधानपत्र घरच्या दहा ओळखींपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

तगडे प्रतिस्पर्धी इथेच आहेत

लांब जायची गरज नाही. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी १ ऑक्टोबर २०२१ पासून यंत्र इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. अशा सरकारी खरेदीदारांचं दार म्हणजे जेम पोर्टल, जे २०१६ साली सुरू झालं. केंद्राच्या धोरणानुसार मंत्रालयं आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यासाठी आधी उद्यम नोंदणी करा, ती ऑनलाइन आणि मोफत आहे. पहिल्या बिडमध्ये ऑर्डर मिळाली नाही तरी कोणती कागदपत्रं कमी पडली हे कळतं. तो तुमचा कोइम्बतूर समजा.

उधारीची भीती असेल तर हेही माहीत असू द्या. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्याविरुद्ध ऑनलाइन तक्रार करता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही. म्हणून ऑर्डर तोंडी घेऊ नका. पीओ, चलन, माल मिळाल्याची सही, तिन्ही जपून ठेवा.

डबे करणाऱ्या ताईंसाठी तगडी मॅच म्हणजे एमआयडीसीतल्या एखाद्या ऑफिसची रोजची ३० जेवणं, दुपारी एक वाजता, एकही दिवस न चुकता. एफएसएसएआय नोंदणी नसेल तर आधी ती करा, मग दार ठोठवा. पहिला आठवडा ट्रायलचा मागा.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात मागच्या बारा महिन्यांतली तुमची दहा मोठी गिऱ्हाईकं लिहा. प्रत्येकासमोर ‘घरचं’ की ‘बाहेरचं’, ‘सोपं’ की ‘तगडं’ अशी खूण करा. दहाच्या दहा ‘घरचं, सोपं’ निघाली तर दचकू नका. बहुतेकांचं तसंच निघतं.

दुसऱ्या रकान्यात येत्या वर्षासाठी तीन तगडी नावं लिहा, प्रत्येकासमोर महिना टाका. तिसऱ्यात त्या ऑर्डरमध्ये किती पैसे, किती दिवस अडकतील ते लिहा. आकडा तुमच्या मोकळ्या पैशापेक्षा मोठा असेल, तर ऑर्डर छोटी करा, पण नाव खोडू नका.

मॅच झाल्यावर, जिंका की हरा, चौथी गोष्ट लिहायची: त्यांनी काय परत पाठवलं आणि का. मापात चुकलो, वेळेत चुकलो की कागदात? पुढच्या तगड्या गिऱ्हाइकाकडे जाताना हीच ओळ सगळ्यात आधी वाचा.

तुमची तीन नावं कमेंटमध्ये टाका. कंपनीचं नाव सांगायचं नसेल तर फक्त प्रकार लिहा, चालेल. पुढच्या व्हिडिओत ट्रायल ऑर्डर मागताना नेमकं काय बोलायचं, ते बघू.