वडिलांची एफडी आणि मार्सेलिसचं बंदर

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही लालबागला राहतो. मी आणि पत्नी दोघंही नोकरी करतो. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा आणि वडील बहात्तर वर्षांचे. यंदा भाऊबीज झाली की आठ दिवस भूमध्य समुद्राच्या काठानं फिरून यायचं मनात आहे. एका प्रवासी कंपनीनं रोम, चिंक्वे तेर्रे, नीस आणि बार्सिलोना अशी सात रात्रींची सहल सुचवली आहे. माणशी दोन लाख दहा हजार, म्हणजे पाच जणांचे साडेदहा लाख. वर टीसीएस वेगळा. वडील म्हणतात, ‘माझा खर्च माझ्या एफडीतून.’ त्यांना एकच गोष्ट पाहायची आहे, मार्सेलिसचं बंदर, आणि नेमकं तेच या सहलीत नाही. पैसे कोणाच्या नावावर भरावेत? टीसीएस बुडीत जातो का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी मार्सेलिसबद्दल. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली ते हे बंदर. त्यांना ब्रिटिशांच्या हाती परत देणं कायदेशीर होतं का, यावर फ्रान्स आणि ब्रिटनचा वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला. तुमच्या वडिलांच्या पिढीला ही गोष्ट तोंडपाठ आहे. बहात्तराव्या वर्षी माणूस स्वतःच्या पैशानं एकच जागा पाहायची म्हणतो आणि तीच गाळली जाते, ही सहल मला पटत नाही. हिशेब पुढे मांडते, पण मार्सेलिस सहलीत असणार असं धरूनच.

टीसीएस, म्हणजे बिलाबरोबरच गोळा होणारा कर, बुडत नाही. तो तुमचाच आगाऊ भरलेला प्राप्तिकर आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षात परदेशी सहलीच्या पॅकेजवर एका पॅनवर दहा लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस लागत होता. त्या दरानं साडेदहा लाखांचं सगळं बिल तुमच्या एकट्याच्या पॅनवर फाडलं असतं तर दहा लाखांवर ५० हजार आणि उरलेल्या पन्नास हजारांवर १० हजार, असे ६० हजार गेले असते. वडिलांनी आपले दोन लाख दहा हजार आपल्या खात्यातून, आपल्या पॅनवर भरले असते आणि उरलेले आठ लाख चाळीस हजार तुम्ही, तर दोघांनाही ५ टक्केच लागले असते. बेरीज साडेबावन्न हजार. मात्र पैसे खरोखर ज्याचे, बिल त्याच्याच नावावर हवं. कागदावर नावं वाटून पैसे एकाच खात्यातून देऊ नका.

तुमचा टीसीएस वसूल व्हायला पुढच्या वर्षीच्या परताव्याची वाट पाहावी लागत नाही. पगारदारांना १ ऑक्टोबर २०२४ पासून ठरावीक फॉर्म भरून कापला गेलेला टीसीएस मालकाला कळवता येतो, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या पगारातून तेवढा टीडीएस कमी कापला जातो. ऑफिसातल्या पगाराच्या टेबलावर हा फॉर्म अजून सगळ्यांना ठाऊक नसतो, म्हणून आठवणीनं मागा. प्रवासी कंपनीकडून टीसीएसचा दाखला घ्या आणि ती रक्कम प्राप्तिकर खात्याच्या तुमच्या नोंदीत उतरली का, ते तपासा. बिलातला ५ टक्के जीएसटी मात्र गेला तो गेला.

वडिलांच्या बाबतीत एक गाठ आहे आणि ती बहुतेक घरांत नजरेतून सुटते. उत्पन्न करपात्र नसलं तरी वर्षभरात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या परदेश प्रवासावर दोन लाखांपेक्षा जास्त खर्च करणाऱ्याला प्राप्तिकर विवरणपत्र भरणं बंधनकारक आहे. वडिलांचा आकडा दोन लाख दहा हजार, म्हणजे ते या नियमात आले. सहल विसरली जाते, विवरणपत्र राहून जातं आणि पुढे नोटीस आली की म्हातारं माणूस धास्तावतं. दोन वाटा आहेत. वडिलांनी रक्कम तुम्हाला द्यावी आणि बिल तुम्ही भरावं. वडिलांनी मुलाला दिलेल्या भेटीवर कर नाही. दुसरी वाट म्हणजे वडिलांनी स्वतःच भरावं आणि पुढच्या वर्षी विवरणपत्रही भरावं. त्यांना कर लागत नसेल तर कापलेला टीसीएस त्यातूनच परत मिळेल. मी दुसरी वाट निवडेन. त्यांचा शब्द ‘माझा खर्च माझ्या एफडीतून’ असा आहे. एका विवरणपत्रासाठी तो मोडायला लावू नये. एफडी मुदतीआधी मोडायची तर किती व्याज कापलं जाईल, तेवढं बँकेत आधी विचारून घ्या.

आता खुद्द सहल. सात रात्रींत तीन देश आणि चार मुक्काम म्हणजे समुद्र बसच्या काचेतून दिसणार आणि दर दुसऱ्या सकाळी बॅगा भरायच्या. आठच दिवस असतील तर एक किनारा धरा, मार्सेलिस ते मेंतों. मुंबईहून आखातात विमान बदलून नीसला उतरता येतं. नीसला पाच रात्री आणि मार्सेलिसला दोन. मधला रेल्वेप्रवास सुमारे पावणेतीन तासांचा. मार्सेलिसहून नीसकडे येताना उजव्या हाताची खिडकी पकडा, सें-राफाएलनंतर एस्तेरेलचे लाल खडक थेट समुद्रात उतरलेले दिसतात. नीसहून मेंतोंपर्यंतही समुद्र उजवीकडेच असतो. वाटेत मोनॅको आहे. ते शेंगेन या समाईक व्हिसाच्या करारात नाही, पण फ्रान्समधून जाताना सीमेवर तपासणी नसते आणि वेगळा व्हिसाही लागत नाही. पलीकडचं वेंतिमिल्या इटलीत येतं, ते एका दिवसात होतं. परतीच्या गाडीत मेंतोंजवळ फ्रेंच पोलीस कागद पाहतात, तेव्हा त्या दिवशी पाचही पासपोर्ट जवळ ठेवा.

चिंक्वे तेर्रे पुढच्या खेपेला. ती पाच गावं अतिशय देखणी आहेत, पण त्यातल्या कोर्निल्याला स्टेशनपासून गावात जायला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. शिवाय तो किनारा ऑक्टोबरअखेरच्या पावसाचा. २५ ऑक्टोबर २०११ च्या पुरात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही गावं चिखलाखाली गेली होती. वडील बरोबर असताना ती जोखीम कशाला?

असा प्रवास स्वतः आखलात तर टीसीएसचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. प्राप्तिकर खात्याच्या ३० जून २०२३ च्या परिपत्रकानुसार नुसतं विमानाचं तिकीट किंवा नुसतं हॉटेल म्हणजे ‘पॅकेज’ नव्हे. प्रवास, मुक्काम आणि तत्सम खर्च यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र विकल्या तरच ते पॅकेज ठरतं. तिकीट एकीकडून आणि मुक्काम दुसरीकडून घेतलात तर पॅकेजचा टीसीएस लागत नाही. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत मोजले जातात, पण तिथेही दहा लाखांपर्यंत टीसीएस नाही. तुमचा खर्च तिथवर पोहोचत नाही.

तरी भाषेची, जेवणाची, म्हाताऱ्या माणसाची काळजी वाटून कंपनीबरोबर जाणारी घरं मी पाहते आणि त्यांना चूक म्हणत नाही. मराठी बोलणारा टूर मॅनेजर परमुलुखात मोठा आधार असतो. मात्र जेवणाला फार घाबरू नका. नीसच्या जुन्या बाजारात हरभऱ्याच्या पिठाचं, ऑलिव्ह तेलातलं ‘सोक्का’ मिळतं. आपल्या बेसनाच्या धिरड्याचं ते भट्टीत भाजलेलं भावंड. वडिलांना नक्की चालेल. चिवडा गल्लीतून दोन किलो चिवडा न्या. पेढे, बर्फी, पनीर, तूप मात्र घरीच ठेवा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे आणि ते विमानतळावर काढून घेतले जातात.

व्हिसा ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे मागायचा. तुमच्यासाठी फ्रान्स. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला शुल्क ९० युरो, सहा ते बारा वयाच्या मुलाला ४५. तुमचे पाच जणांचे ४०५ युरो झाले, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत येत नाहीत. अर्ज निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी करायचा हा नियम आहे, पण निर्णयाला काही वेळा पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. त्यात गणपती बसणार आणि त्या दिवसांत लालबागमधून वेळेवर बाहेर पडणं किती कठीण असतं ते तुम्हाला मी काय सांगू! बोटांचे ठसे त्याआधीच देऊन या.

व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारा एकही मोठा पैसा देऊ नका. अर्जाला तिकिटाचं आरक्षण लागतं, पैसे भरलेलं तिकीट नाही. मुक्काम रद्द करता येईल असाच घ्या. कोणी दोनशे रुपयांत खोटं आरक्षण छापून देतो म्हणाला तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. ते उघडं पडलं तर अर्ज फेटाळला जातोच, पण पुढच्या अर्जांवरही डाग राहतो.

विमा किमान ३० हजार युरोंचा हवा, ही व्हिसाचीच अट आहे. मुलांसाठी साधी पॉलिसी पुरते. वडिलांच्या पॉलिसीत मात्र रक्तदाब, मधुमेह जे असेल ते लिहून द्या आणि जुन्या आजारामुळे दवाखान्यात न्यावं लागलं तर खर्च मिळतो का, ते पॉलिसीच्या मजकुरात बोट ठेवून वाचा. हजारभर रुपये वाचवायला घेतलेली पॉलिसी व्हिसा मिळवून देते, रुग्णालयाचं बिल भरत नाही.

नोटांच्या रूपात एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंतचं परकीय चलन नेता येतं. तुम्ही प्रत्येकी दीड-दोनशे युरो घेतलेत तरी पुरे, बाकी फॉरेक्स कार्डावर. चलनबदलावरच्या जीएसटीचा बाऊ करू नका. दोन लाखांच्या चलनावर तो २७० रुपये होतो. खरा पैसा दरातच मुरतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी ‘दोन हजार युरोंना सगळं धरून किती रुपये?’ एवढंच विचारा. तिकडे दुकानातल्या यंत्रानं ‘रुपयांत की युरोत?’ असं विचारलं तर नेहमी युरो. रुपये निवडलेत की दर दुकानदाराची बँक ठरवते आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो.

राहिलं कर्ज. हप्त्यावर सहल करू नका. रक्कम कमी पडत असेल तर दोन रात्री कमी करा, नीसच्या कमी करा.

प्रश्न : मी परळला राहतो, बँकेत नोकरीला आहे. परदेशवारीत भारतातलं एखादं ठिकाण जोडलं तर एलटीसीची, म्हणजे रजा प्रवास सवलतीची, करसवलत मिळते, असं सहकारी सांगतात. खरं का? – एक वाचक, परळ

उत्तर : नाही. ४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं नेमक्या अशाच प्रकरणात निकाल दिला. एका मोठ्या बँकेच्या कर्मचाऱ्यांनी दिल्लीहून मदुराई आणि पुढे कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर असं फिरून भाडं मागितलं होतं. एलटीसीची सवलत भारतातल्या भारतात आणि जवळच्या रस्त्यानं केलेल्या प्रवासाला आहे, वाट परदेशातून गेली की ती जाते, असं न्यायालय म्हणालं. सहकाऱ्यांनाही सांगा.

प्रश्न : आम्ही गिरगावकर नवरा-बायको. मे महिन्यात इटलीच्या किनाऱ्याची सहल ठरवली होती, चार लाख साठ हजार भरले. व्हिसा नाकारला गेला. कंपनी म्हणते, ‘अटींवर सही केली आहे, एक रुपयाही परत नाही.’ काही करता येईल का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : येईल. व्हिसा नाकारला हा कंपनीचा दोष नाही, हे आधी मान्य करू. पण त्यामुळे सगळी रक्कम ठेवून घ्यायचा हक्क तिला मिळत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात आकडा लिहिलेला असला तरी भरपाई वाजवी तेवढीच मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही स्वतंत्र कल्पना आहे आणि एकतर्फी, अवाजवी अटी तिच्यात येतात.

कंपनीला लेखी विचारा. विमान कंपनीला किती दिले, त्यातलं किती परत आलं? हॉटेलांना किती गेले? व्हिसाशुल्क किती? प्रत्येकाची पावती मागा. तिकीट ‘विनापरतावा’ असलं तरी न केलेल्या प्रवासाचे कर आणि विमानतळाची शुल्कं विमान कंपनीनं परत करावीत, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे, आणि तो परतावा तुमचा आहे. टीसीएस सरकारजमा झाला असेल तर तो प्राप्तिकर खात्याच्या तुमच्या नोंदीत दिसेल, तो विवरणपत्रातून घ्या. व्हिसा नाकारल्याच्या कागदावर कारणाची खूण असते, ती नीट पाहा. ‘कागदपत्रं अपुरी’ असं असेल आणि अर्ज कंपनीनंच भरला असेल, तर तुमची बाजू आणखी भक्कम होते.

पंधरा दिवसांची मुदत देऊन नोटीस पाठवा. त्यावर उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीचशी प्रकरणं तिथेच मिटतात. मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते. दक्षिण आणि मध्य मुंबईचं हे काम परळच्या पुरवठा भवनात चालत आलं आहे, आणि आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यानं शुल्क लागत नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. मजकूर लिहायला अडलंत तर मुंबई ग्राहक पंचायतीच्या मार्गदर्शन केंद्राशी बोला. तुमच्या आईच्या पिढीतल्या बायका या पंचायतीच्या संघातून महिन्याचं वाणसामान एकत्र घ्यायच्या, त्यामुळे घरात कोणाला तरी तिची ओळख असेलच.

तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे, पण तेवढं थांबू नका. कंपनीच्या माणसाशी फोनवर जे बोलणं झालं, ते आजच्या आज ईमेलवर लिहून त्याला पाठवा आणि सही केलेल्या अटींची प्रत मागवून घ्या. ती प्रत तुमच्याकडे नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं.