कारागृहातील दंतचिकित्सा

कारागृहांच्या सुधारणेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोठड्यांतील दाटी, खटल्यांस होणारा विलंब, निकृष्ट अन्न इत्यादी विषयांची चर्चा वर्तमानपत्रांतूनही वाचावयास मिळते. दातांचा विषय मात्र त्या चर्चेत क्वचितच येतो. दात ही किरकोळ बाब वाटते, हे त्याचे एक कारण असावे. पण ज्याची दाढ एकदा रात्रभर ठणकली आहे, तो तिला किरकोळ म्हणावयाचा नाही.

आपल्या घरी अशी रात्र आली तर आपण काय करतो? मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरतो, दाढेखाली लवंग धरतो, वेदनाशामक गोळी घेतो आणि उजाडताच दंतवैद्य गाठतो. यांपैकी एकही गोष्ट कैद्यास आपण होऊन करता येत नाही. त्यास प्रत्येक गोष्ट मागावी लागते. १८९४ च्या तुरुंगविषयक कायद्याच्या ३७ व्या कलमात असे सांगितले होते की, ज्या कैद्यास वैद्यकीय साहाय्यकास भेटावयाचे असेल, त्याचे नाव त्याच्यावर देखरेख करणाऱ्याने विनाविलंब जेलरला कळवावे. नियम चांगलाच होता. तथापि त्यावरून हेही ध्यानात येते की, कैद्याचे दुखणे वैद्यापर्यंत जाण्यापूर्वी ते इतरांच्या कानांवरून जाते आणि त्यांना ते खरे वाटावे लागते. मोडलेला हात दिसतो, ताप मोजता येतो. दाढेचा ठणका दुसऱ्यास दिसत नाही.

दात किडतो म्हणजे नेमके काय होते, हे येथे थोडक्यात पाहिले पाहिजे. कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातील सूक्ष्म जंतू अन्नातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे वरचे कवच झिजविते. या कवचास इनॅमल म्हणतात व शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. त्यास एकदा भोक पडले की आतील मऊ थर लवकर पोखरला जातो आणि शेवटी कीड दाताच्या गाभ्यास, म्हणजे जेथे रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात तेथे, पोहोचते. पहिल्या अवस्थेत थोडासा मसाला भरून दात वाचतो. शेवटच्या अवस्थेत एक तर मुळापर्यंत साफसफाई करावी लागते, ज्यास रूट कॅनल म्हणतात, किंवा दात उपटावा लागतो. त्याहीपुढे दुर्लक्ष झाले तर मुळाशी पू धरतो. खालच्या दाढेचा हा पू जिभेखाली व गळ्याकडे पसरला, तर सुजेने श्वास कोंडून रोगी दगावूही शकतो. लुडविग नावाच्या जर्मन वैद्याने १८३६ साली या विकाराचे वर्णन केले व तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

कारागृहात येणाऱ्यांपैकी पुष्कळांची मुखे आधीच बिघडलेली असतात. गरिबीमुळे दंतवैद्याचे तोंड कधी पाहिलेले नसते. मशेरी, तंबाखू-चुना, गुटखा यांची सवय असते. सुपारीने तोंडाची आतील त्वचा ताठ होत जाऊन पुढे घास घेण्यापुरतेही तोंड उघडेनासे होते, आणि या विकारातून कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो. अशा माणसाचे तोंड प्रवेशाच्या दिवशीच कोणी जाणत्याने पाहिले, तर तो कदाचित मोठ्या संकटातून वाचेल.

मग शासनाने हे काम आधीच का केले नाही? याचे उत्तर इतिहासात सापडते. अठराव्या शतकात इंग्लंडच्या तुरुंगांत एक घातक ज्वर नेहमी पसरे. आज आपण त्यास टायफस म्हणतो. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात कैद्यांबरोबर हा ज्वर आला आणि लंडनचा लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश व इतर अनेक जण मृत्युमुखी पडले. पुढे जॉन हॉवर्ड या सद्गृहस्थाने गावोगावचे तुरुंग पाहून तेथील स्थिती पार्लमेंटपुढे मांडली, आणि १७७४ साली कैद्यांच्या आरोग्यरक्षणाचा कायदा होऊन तुरुंगासाठी वैद्य नेमण्याची तरतूद झाली. हॉवर्डची करुणा खरीच होती. परंतु ज्वर भिंत ओलांडून न्यायासनापर्यंत येतो, ही भीतीही त्या कायद्यामागे होती, असे म्हणावयास हरकत नाही. दातदुखी भिंत ओलांडीत नाही. कैद्याची दाढ किडल्याने न्यायाधीशाची किडत नाही. म्हणूनच तुरुंगात क्षयाची तपासणी लवकर आली आणि दंतवैद्याची खुर्ची मागे राहिली.

येथे कोणी विचारील की, बाहेर कष्ट करून जगणाऱ्या प्रामाणिक मजुरास जो उपचार परवडत नाही, तो गुन्हेगारास फुकट का द्यावा? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्या मजुरासही उपचार मिळाला पाहिजे, हे खरेच. परंतु त्याच्या दारास शासनाने कुलूप घातलेले नाही. उसनेपासने करून तो दवाखान्याची पायरी चढू शकतो. कैद्याची ती वाट शासनाने स्वतः बंद केली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली हेच तत्त्व मान्य केले. टेक्सासच्या तुरुंगात कापसाची गासडी अंगावर पडून जायबंदी झालेल्या कैद्याचा तो खटला होता. त्या कैद्यास स्वतःस त्यातून लाभ झाला नाही. पण कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष ही घटनेने निषिद्ध मानलेली क्रूर शिक्षा ठरते, हा नियम प्रस्थापित झाला. १९८९ साली तेथीलच एका अपील न्यायालयाने कवळी हरवलेल्या कैद्याच्या प्रकरणी हा नियम दातांस लावला. कवळीवाचून त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होते व वजन घटत होते.

आपल्या देशात बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहातून एका बंद्याने सरन्यायाधीशांस पाठविलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कारागृहांच्या नऊ प्रमुख समस्या नोंदविल्या. आरोग्याची हेळसांड ही त्यांतील एक होय. संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या जिनिव्हा परिषदेने तर, पात्र दंतवैद्याची सेवा प्रत्येक बंद्यास उपलब्ध असावी, असे स्पष्टच म्हटले होते.

नियम आहेत, अडचण येते ती कामाच्या पद्धतीत. रूट कॅनलसाठी बहुधा एकाहून अधिक बैठका लागतात. ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते व त्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल लागावयाचा आहे असे होते. त्यांस कधी न्यायालयात न्यावे लागते, कधी दुसऱ्या कारागृहात हलवितात, कधी जामीन मिळतो. बाहेरच्या रुग्णालयात न्यावयाचे तर पोलिसांची गारद लागते. ती त्या दिवशी अन्यत्र गुंतली की पाळी चुकते. अशा स्थितीत वाचण्याजोगा दातही उपटला जातो, कारण उपटण्याचे काम एका बैठकीत संपते. दोष चिमटा धरणाऱ्याचा नसतो. पण चार दाढा गेलेल्या माणसास जाडी पोळी चावता येत नाही, आणि न्यायाधीशाने शिक्षा लिहिताना दाढा लिहिलेल्या नसतात.

दंतवैद्यासही येथे काम सोपे नाही. टोकदार हत्यारे प्रत्येक रोग्यानंतर मोजून घ्यावी लागतात. काविळीचे विषाणू रक्तातून पसरू नयेत म्हणून ती १२१ अंश सेल्सिअसच्या दाबयुक्त वाफेत निर्जंतुक करावी लागतात. दात घासण्याचा ब्रशही घासून धारदार करता येतो, म्हणून अमेरिकेतील अनेक तुरुंगांत आखूड दांड्याचे ब्रश देतात.

कारागृहांत दंतशिबिरे भरतात, ती स्वागतार्ह आहेत. मात्र एका दिवसाच्या शिबिरात दोनशे तोंडे पाहून झाली, तरी पुढच्या आठवड्यात भरावयाचा दात कोण भरणार? आमच्या बेळगावात दंतवैद्यकाचे महाविद्यालयही आहे आणि हिंडलग्याचे मध्यवर्ती कारागृहही. अशा गावी आठवड्यातील एक वार ठरवून एक खुर्ची चालविणे अशक्य कोटीतील वाटत नाही. त्याजबरोबर हवा एक साधा कागद: कोणता दात, कोणता उपचार, कोठवर झाला. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली सुधारलेल्या आणि नेल्सन मंडेलांचे नाव दिलेल्या नियमांत, कैद्यास दुसऱ्या कारागृहात हलविताना त्याची वैद्यकीय कागदपत्रे तेथील वैद्यकीय विभागाकडे गेली पाहिजेत, असे २६ व्या नियमाने सांगितले आहे.