सभासद नसले, तर महागाई भत्ता मिळेल का?

प्रश्न : मी नुकतीच सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झाले. सहकारी म्हणतात, संघटनेची वर्गणी भरली नाही तर महागाई भत्त्याची वाढ मिळणार नाही. हे खरे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, निश्चिंत राहा. वेतनश्रेणी आणि महागाई भत्ता शासन निर्णयाने ठरतो. सभासद असा-नसा, लाभ सारखाच. मात्र त्यामागे संघटनांचा रेटा असतो. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, तो सरकारच्या आश्वासनानंतरच मिटला. त्यामुळे सभासदत्व ऐच्छिक असले तरी निरर्थक नाही. वर्गणी भरलीत तर पावती घ्या. संपात उतरताना मात्र जपून : संघटना करण्याचा हक्क घटनेने दिला आहे; संपाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले. संपाच्या दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो.