मुक्कामी सहल आणि शिक्षकांची जबाबदारी

वचनपाठ : लूक २:४१-४६; उत्पत्ती ३३:१३-१४

बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला. तो सोबतच्या मंडळीत असेल असे समजून आईबाप दिवसभराची वाट चालून गेले. तो सापडला तीन दिवसांनी. मायेच्या माणसांचीही अशी समजूत होते, म्हणून मोजणी हवी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले.

म्हसावदहून मुले तोरणमाळला मुक्कामी नेताना यशवंत तलाव आणि सीताखाई ध्यानात ठेवा.

१. गाडीत चढता-उतरताना, झोपण्यापूर्वी व पहाटे नावानिशी हजेरी घ्या. पाण्यात कोणाला उतरू देऊ नका.

२. मुलींसोबत शिक्षिका असावीच. रात्री पाळीने जागे राहा. बंद खोलीत एकट्या मुलासोबत कोणी मोठ्याने थांबू नये. २०१२ चा पॉक्सो कायदा सहलीतही लागू आहे.

३. संमतिपत्र आईवडिलांना भिलीत किंवा पावरीत समजावून सांगा, मगच अंगठा घ्या.

४. सिकलसेलच्या मुलांना थंडी, दमणूक व पाण्याची कमतरता बाधते. गोळ्या, पाणी, पांघरूण सोबत घ्या. याकोब लेकरांच्या चालीने चालला, तसे चाला.

विचार करा : आपल्या वसतिगृहाच्या सहलीत रात्री जागे कोण असते?

प्रार्थना : प्रभू, सोपवलेले प्रत्येक लेकरू सुखरूप घरी पोहोचवण्यास आम्हांला जागे ठेव. आमेन.