रेघांची बोली

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी किंवा दौंड तालुक्यात भीमेच्या काठी वसलेल्या एखाद्या खेड्यात सकाळी हिंडून पाहावे. घरोघरी दारापुढे सडा पडलेला असतो आणि त्यावर रांगोळीचे ठिपके उमटत असतात. नागपंचमीला भिंतीवर नाग रेखिला जातो. पोळ्याला बैलांच्या अंगावर गेरूचे ठसे उठतात. ही चित्रे काढणाऱ्या हातांना कोणी चित्रकार म्हणत नाही, आणि ते हातही तशी अपेक्षा धरीत नाहीत. आज काढलेली रांगोळी उद्याच्या झाडणीत नाहीशी होते. परवा तेथे दुसरी उमटते.

पुसली जाण्यासाठीच काढलेल्या अशा चित्रांच्या परंपरेतून महाराष्ट्रातील एका आदिवासी कलावंताने जगाने पाहावी अशी कला उभी केली. त्यांचे नाव जिव्या सोमा म्हसे.

शिरूर-दौंडच्या पठारावरून पश्चिमेस निघावे, सह्याद्री ओलांडून कोकणात उतरावे आणि उत्तरेकडे वळावे, म्हणजे डहाणू आणि तलासरी यांचा डोंगराळ मुलूख लागतो. पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. 2014 साली तो नव्या पालघर जिल्ह्यात आला. येथे वारली लोकांची वस्ती आहे. त्यांच्या जुन्या घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या असत. त्या माती आणि शेण यांनी लिंपावयाच्या, त्यांवर गेरूचा हात फिरवावयाचा आणि त्या तांबूस अंगावर तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रे काढावयाची, अशी रीत होती. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की कुंचला तयार! एवढ्या साहित्यावर हा चित्रसंसार चाले.

घरात लग्न निघाले म्हणजे सवाशिणी भिंतीवर चौक लिहीत. चौकाच्या मध्यभागी पालघट देवीची स्थापना होई आणि भोवती झाडे, पशुपक्षी व माणसे फेर धरीत. लग्न लावणारी धवलेरी, म्हणजेही स्त्रीच, गाणी म्हणे. चौकावाचून लग्न पुरे होत नसे. हे चित्र शोभेसाठी नव्हते. ती एक पूजाच होती. लग्नकार्य आटोपले की चित्राचे कामही संपे, आणि पावसापाण्याने ते झिजून जाई.

अशा समाजात 1934 साली तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे जिव्याचा जन्म झाला. सात वर्षांचा असताना त्याची आई वारली. त्या आघाताने मुलाची वाचाच जणू मिटली. कित्येक वर्षे तो कोणाशी बोलला नाही. काही सांगावयाचे असले म्हणजे तो जमिनीवर बसे आणि बोटाने धुळीत रेघा ओढी. भूक, भय, आठवण हे सारे धुळीत उमटे आणि वाऱ्याने पुसले जाई. ज्याला शब्द सापडत नव्हते, त्याला रेघ सापडली. इतर मुले खेळ म्हणून चित्रे काढीत. या मुलाची ती भाषाच होती.

पुढे तो डहाणू तालुक्यातील गंजाड गावाजवळच्या कळंबीपाड्यावर राहू लागला. शेतात राबावे आणि सवड मिळाली की चित्रे काढावी, असा त्याचा क्रम होता. भिंतीवर चौक लिहिणे हे बायकांचे काम. पुरुषाने त्यात मन घालणे ही गोष्ट त्या समाजात नवलाची होती. तथापि जिव्याने रेघेची संगत सोडली नाही.

1970 नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात आले. बिहारमधील मधुबनीच्या स्त्रियांना त्यांच्या भिंतींवरची चित्रे कागदावर काढण्यास त्यांनी यापूर्वी प्रवृत्त केले होते. वारली पाड्यांवरही त्यांनी कागद आणि रंग दिले. जिव्यांच्या हातातील रेघ पाहताच हा निराळा कलावंत आहे, हे त्यांनी ओळखले. लग्नाच्या चौकाला विधीची मर्यादा होती. कागदाला ती नव्हती. जिव्या मनात साठलेले सारे जग त्यावर उतरवू लागले. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले.

त्यांच्या चित्रांत असे काय होते? वारली चित्रांचे मूळ आकार मोजकेच असतात. सूर्यचंद्राला गोल, डोंगराला आणि झाडाच्या शेंड्याला त्रिकोण, पवित्र जागेला चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचे धड होते. वरचा त्रिकोण जरा कलला की तोच माणूस वाकून लावणी करू लागतो. अधिक कलला की नाचू लागतो. या चित्रांत चेहऱ्यावर डोळे-नाक नसते. जो भाव असतो तो शरीराच्या कलण्यात असतो. माणूस कसा चालतो, ओझे कसे उचलतो, हे ज्याने नीट पाहिले असेल, त्याच्याच हातून असा त्रिकोण जिवंत होतो.

जिव्यांचे पाहणे तसे होते. ते कागदाला किंवा कापडाला शेणाचा अथवा गेरूचा हात देत, आणि त्या भूमीवर पांढऱ्या रंगाने बारीक रेघा व ठिपके देत जात. झाड काढावयाचे तर त्याचे पान न् पान निराळे. वारूळ काढावयाचे तर त्यात शिरणाऱ्या आणि निघणाऱ्या मुंग्यांची सारी लगबग. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. कोळ्याने जाळे विणावे त्याच सोशिकपणे त्यांनी ते रेघारेघांनी विणले आहे. पाहणाऱ्याला ते पाण्यात हलत असल्यासारखे वाटते. भाताची कापणी, तारप्याच्या सुरावर वळत जाणारी नाचणाऱ्यांची माळ, कणसरी या धान्यदेवतेच्या कथा, इतकेच नव्हे तर धावणारी आगगाडीसुद्धा त्यांच्या चित्रांत आली. जे भोवताली हलताना दिसे, ते त्यांचे होई. स्फूर्तीसाठी त्यांना दूर जावे लागले नाही.

अशीच एक गोष्ट त्याच सुमारास फार दूरच्या देशात घडत होती. मध्य ऑस्ट्रेलियात पापुन्या नावाची वस्ती आहे. तेथील मूळ रहिवासी आपल्या पूर्वजांच्या कथा वाळूवर आणि अंगावर चित्रांतून मांडीत. 1971 साली तेथील शाळेत जेफ्री बार्डन हे शिक्षक होते. त्यांच्या प्रोत्साहनाने वस्तीतील जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा चितारली, आणि पुढे ते फळ्यांवर व कापडावर चित्रे काढू लागले. भिंतीवरचे ते चित्र नंतर पुसले गेले. परंतु त्यातून निघालेली कला जगभर पोहोचली. वारली पाडा आणि पापुन्या यांना एकमेकांची वार्ताही नव्हती. तरीही दोन्हीकडे क्षणभंगुर चित्राला टिकाऊ जागा मिळाली, आणि आतापर्यंत कोणी न विचारलेल्या माणसांचे म्हणणे जगाने ऐकले.

1989 साली पॅरिस येथे भरलेल्या एका मोठ्या प्रदर्शनात या दोन वाटा एकत्र आल्या. ऑस्ट्रेलियातील युएन्डुमू वस्तीच्या कलावंतांनी तेथे जमिनीवर मातीचे चित्र मांडले, आणि त्याच प्रदर्शनात जिव्यांची चित्रेही होती. जिव्यांना 2009 साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि 2011 साली भारत सरकारची पद्मश्री मिळाली. 15 मे 2018 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मुलांनीही हीच कला पुढे चालविली आहे.

या कीर्तीच्या मागे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. ज्या सवाशिणींनी पिढ्यानपिढ्या भिंतींवर चौक लिहिले, त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे कोणी लिहून ठेवली. कला कागदावर आली तेव्हा तिला नाव आणि मोल मिळाले. पण ते मुख्यतः पुरुषांच्या वाट्याला आले. जिव्यांच्या रेघेचा मान करावयाचा, तर ती रेघ ज्या अनामिक हातांतून आली, त्या हातांचाही मान केला पाहिजे.

आज साड्यांवर, पेल्यांवर आणि पुष्कळ शाळांच्या भिंतींवर त्रिकोणांची ही माणसे नाचताना दिसतात. त्रिकोण काढणे सोपे आहे. ज्या पाहण्यातून तो त्रिकोण जन्मला, ते पाहणे कठीण आहे. उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्या बाईची पाठ कशी वाकते, भीमेच्या पात्रात जाळे टाकणाऱ्याचा हात कसा वळतो, दौंडच्या फलाटावर गाडी येताच गर्दीत कशी लाट उठते, हे जो डोळे भरून पाहील, त्याच्या रेघेत प्राण येईल. मग ती रेघ वारली असो वा नसो. मुके झालेल्या एका मुलाने धुळीत बोट फिरविले ते कोणाची नक्कल करण्यासाठी नव्हे. त्याला काही सांगावयाचे होते.

शब्दार्थ

कूड – काठ्यांची विणलेली व मातीने लिंपलेली भिंत
धवलेरी – वारली समाजात लग्न लावणारी व लग्नाची गाणी म्हणणारी स्त्री
तारपा – वाळलेला भोपळा व बांबू यांपासून केलेले फुंकून वाजवावयाचे वाद्य
क्षणभंगुर – थोडाच वेळ टिकणारे
अनामिक – ज्याचे नाव ठाऊक नाही असा

अभ्यास

1. वारली लग्नातील चौक ‘शोभेसाठी नव्हता’ असे का म्हटले आहे?
2. ‘ज्याला शब्द सापडत नव्हते, त्याला रेघ सापडली’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
3. कागद मिळाल्यामुळे वारली कलेत कोणते बदल झाले? त्यांतील चांगले कोणते, खटकणारे कोणते, ते कारणे देऊन लिहा.
4. पापुन्या आणि वारली पाडा यांच्या कथेतील सारखेपणा सांगा.
5. तुमच्या घरी किंवा शेजारी रांगोळी, नाग अथवा अन्य चित्रे कोण काढते? ती त्यांना कोणी शिकविली, हे विचारून त्यांच्या नावासह दहा ओळी लिहा.