शास्त्रातील झुडपे : चार नावे, चार धडे

शास्त्रवाचन : उत्पत्ती 21:14-19, 1 राजे 19:1-8, शास्ते 9:1-15, निर्गम 3:1-6

रविवारच्या शाळेत मोशेचा धडा झाल्यावर आम्ही मुलांना जळत्या झुडपाचे चित्र काढावयास सांगितले. बहुतेकांनी आंब्यासारखे ऐसपैस झाड काढून त्याला ज्वाळा लावल्या. दोष मुलांचा नव्हता. झुडूप म्हणजे काय हे आम्हीच त्यांना सांगितले नव्हते. म्हणून हा लहानसा अभ्यास शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

झाडाला बहुधा एक खोड असते. झुडूप जमिनीलगतच अनेक फांद्यांनी फुटते व फार उंच होत नाही. करवंदीसारखे दाट, गुंतलेले असले की आपण त्याला जाळी म्हणतो. पुष्कळ झाडे एकत्र असली की ती झाडी. येथे इंदूर-ग्वाल्हेरच्या शिक्षकांनी जपावे, कारण हिंदीत 'झाडी' म्हणजेच झुडूप. बेळगावकडील मुलांना कानडी 'पोदे' आणि हैदराबादकडील मुलांना तेलुगू 'पोद' हा शब्द सांगितला, तर अर्थ चटकन उमजेल. मुलांच्या ओळखीचे एखादे बोरीचे किंवा करवंदीचे झुडूप दाखविले, तर फारच उत्तम.

शास्त्राच्या इब्री भाषेतही झुडपाला एकच शब्द नाही. त्यांपैकी चार आपण पाहू या.

1. शीह. हा रानातल्या खुरट्या झुडपांसाठी सर्वसाधारण शब्द आहे. बैर-शेबाच्या रानात हागारेच्या मसकीतले पाणी संपले, तेव्हा तिने आपल्या मुलाला अशाच एका झुडपाखाली टाकले आणि त्याचे मरण डोळ्यांनी पाहावे लागू नये म्हणून ती दूर जाऊन बसली. घरातून घालवून दिलेल्या त्या मायलेकरांना माणसाचा आसरा नव्हता. पण देवाने त्या मुलाचा आवाज ऐकला व हागारेचे डोळे उघडून तिला विहीर दाखविली.

2. रोथेम. हे वाळवंटातले, फारशी पाने नसलेले, पांढऱ्या फुलांचे झुडूप. त्याची सावली विरळ असते. त्याच्या निखाऱ्यांचा उल्लेख स्तोत्र 120 मध्ये आहे. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात त्याला 'ज्युनिपर' म्हटले आहे. पण ती वनस्पती वेगळी. ईजबेलीच्या भीतीने पळालेला एलीया बैर-शेबाहून एक दिवसाची वाट चालून अरण्यात गेला आणि याच झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. ज्या रानात हागार रडली, त्याच बाजूला हा थोर संदेष्टाही खचला. देवाने त्याला रागे भरले नाही. आधी झोप दिली, मग निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा झोप दिली. पुढच्या कामाची गोष्ट होरेबावर पोचल्यावर निघाली. आपल्या मंडळीत कोणी थकून गेला, तर आपण प्रथम त्याला उपदेश करतो की भाकर देतो?

3. आटाद. हे काटेरी झुडूप योथामाच्या दृष्टांतात येते. अबीमलेखाने भावांची कत्तल करून शखेमात राज्य मिळविले. त्यातून वाचलेला योथाम गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर उभा राहून सांगू लागला : झाडांनी राजा व्हावयास जैतूनाला विनविले, मग अंजिराला, मग द्राक्षवेलीला. आपापले तेल, फळ व रस सोडून येण्यास कोणी राजी होईना. शेवटी काटेरी झुडपाला विचारले आणि ते तत्काळ कबूल झाले. 'माझ्या सावलीत या' म्हणाले, ज्याला सावलीच नव्हती! नाहीतर माझ्यातून आग निघून लबानोनाचे गंधसरू जाळील, अशी धमकीही दिली. तीन वर्षांनी तसेच घडले. अबीमलेखाने फांद्या तोडून आणविल्या आणि त्यांच्या आगीत शखेमाच्या बुरुजातले सुमारे हजार स्त्रीपुरुष मारले. पंच निवडण्याची वेळ आली की "आम्हाला वेळ नाही" म्हणणाऱ्या आपल्यातील जैतुनांनी व अंजिरांनी हा अध्याय पुन्हा वाचावा. मागाहून काट्यांविषयी कुरकुर करून उपयोग नाही.

4. सने. मोशेने पाहिलेल्या झुडपासाठी हा शब्द आहे. निर्गम 3 व अनुवाद 33:16 सोडून तो शास्त्रात कोठेही येत नाही. ग्रीक भाषांतरात त्याला 'बातोस' म्हटले आहे. लूकाने 20:37 मध्ये मोशेच्या झुडपाविषयी लिहिताना हाच शब्द वापरला. पण 6:44 मध्ये, ज्या काटेरी झुडपावरून कोणी द्राक्षे काढीत नाही, त्यालाही त्याने बातोसच म्हटले आहे. ज्यापासून माणूस कशाचीच अपेक्षा करीत नाही, अशा झुडपात देव प्रकट झाला. तेथील भूमी पवित्र झाली ती झुडपाच्या मोठेपणाने नव्हे, तर त्याच्या सान्निध्याने.

आता दोन अग्नी शेजारी ठेवून पाहा. आटादची आग बाहेर पडते आणि इतरांना भस्म करते. सनेमधील अग्नी कोणालाच जाळीत नाही. ते झुडूपही जळून जात नाही. अधिकार व आवेश आपल्या प्रत्येकात थोडाफार असतोच. तो कोणत्या जातीचा, हे जवळ आलेल्या माणसावरून कळते : तो होरपळून गेला, की पायांतील जोडे काढून नमला?

पाचसहा मुलांचा वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेला आपण क्षुद्र आहोत असे पुष्कळदा वाटते. तिने गंधसरू होण्याची धडपड करू नये. झुडूप असणे पुरे आहे. अग्नी देवाचा असावा.

वर्गासाठी प्रश्न
1. हागार व एलीया यांच्या गोष्टींत सारखे काय आहे? देवाने प्रत्येकाला काय दिले?
2. जैतून, अंजीर व द्राक्षवेल यांचे नकार तुम्हाला योग्य वाटतात काय? का?
3. आपल्या घराजवळील एका झुडपाचे नाव, तुमच्या गावी म्हणतात तसेच, लिहून आणा.